शेजारची सीट

१

गाडी शिकायला येणारे लोक तिला तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘ब्रेकताई’. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं आहे असं तिला वाटत नव्हतं. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. ताईचा पाय त्या ब्रेकवर गेली वीसेक वर्षं होता. उजाडलं की पहिला विद्यार्थी, दिवे लागायच्या आत शेवटचा. मधल्या वेळात कुणी क्लच सोडताना गाडीला बेडकासारखं उडवी, कुणी वळण आलं की डोळे मिटून घेई. एका निवृत्त मास्तरांनी तर सिग्नल हिरवा झाल्याच्या आनंदात रिव्हर्स टाकला होता. ताईचा आवाज कधी चढला नाही. पाय तेवढा खाली जायचा.

घरात ती आणि धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ त्यांच्या ड्रायव्हिंग शाळेचं ऑफिस सांभाळायचा, फोन घ्यायचा, वेळा लावून द्यायचा. ताईचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. ती त्याबद्दल बोलायची नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

शिकवणीचा रस्ता एका बंद पडलेल्या फरशीच्या कारखान्यावरून जाई. सरळ, रिकामा, नवशिक्यांना बरा. कारखान्याच्या फाटकातून आतली पत्र्याची शेड दिसायची आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली एक गाडी. झाकलेली असली तरी ताईला आकार कळला होता. बुटकी, रुंद, लांब नाकाची, मागची चाकं पुढच्यांपेक्षा जाड. अशा गाड्या बाजारात जायला कुणी घेत नाही. जाता येता ताईची नजर तिकडे वळायची, म्हणजे वळून परत यायची, कारण शेजारी स्टिअरिंगवर कुणी ना कुणी घाम पुसत बसलेलं असायचं.

एका दुपारी फाटकाला पुठ्ठा लटकलेला दिसला. ‘गाडी विकणे आहे.’

स्टिअरिंगवर एक दातांची डॉक्टरीण होती. गाडी अचानक थांबली तशी ती दचकली. “मॅडम, माझं काही चुकलं का?”

“नाही हो,” ताई म्हणाली. “मला उतरायचंय.”

२

फाटक उघडायला मालक स्वतः आले. सत्तरीकडे झुकलेला थोराड देह, कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायात घरच्या स्लिपर. ताईने त्यांना लगेच काका म्हणायला सुरुवात केली.

“चालवणार कोण?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“तसं नाही, म्हणजे घरातलं कुणी...”

“मीच.”

“जड गाडी आहे. चालवता येते ना तुम्हाला?”

“लोकांना येत नाही म्हणून तर माझं पोट चालतं, काका.”

काकांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग ताडपत्रीचं एक टोक धरून ओढलं.

धूळ खाली बसायला वेळ लागला. खालचा रंग कधीकाळी बाटलीसारखा गर्द हिरवा असावा. आता त्यावर पांढुरकी झाक आली होती. दारांच्या खालच्या कडा गंजाने खाल्ल्या होत्या. टायरमधली हवा केव्हाच गेल्यामुळे गाडी गुडघे टेकून बसल्यासारखी दिसत होती. ताईने बाह्या सारल्या. बॉनेट वर केलं तर एअर फिल्टर उंदरांनी कुरतडून त्याची गादी केलेली. ऑइलची काडी ओढून पाहिली, तर ऑइल डांबराच्या वळणावर गेलेलं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं आणि वार्निशचा वास आला. पण त्या सगळ्या घाणीच्या मधोमध इंजिन होतं, लांबलचक, सहा सिलिंडरचं, आणि हातात धरून हलवलं तर त्यातलं काहीही खिळखिळं नव्हतं. ताईने बॉनेट परत लावलं ते दोन्ही हातांनी, हळू.

ती स्टिअरिंगवर बसली. सीट खोल होती, पाय लांब सोडून बसायची. बारीक कड्याचं स्टिअरिंग. तिने दोन्ही हात त्यावर ठेवले. वीस वर्षांच्या सवयीने तिची नजर शेजारी गेली, शिकणाऱ्याचे पाय बघायला जाते तशी.

शेजारच्या सीटपुढच्या रबरी मॅटला तळहाताएवढं भोक पडलं होतं. खालचं कार्पेटही तेवढंच झिजून गेलं होतं. खाली पत्रा उघडा पडला होता. गाडीचा बाकी पत्रा जिथे जिथे उघडा होता तिथे तांबूस गंज धरून बसला होता. इथे मात्र तो चकाकत होता.

ताईने वाकून बोट लावलं. गुळगुळीत. आणि कोमट. पत्र्याची शेड, भर दुपार, तापणारच, असं तिने स्वतःला सांगितलं. मग आपल्या पायाखाली हात घालून पाहिला. तिथला पत्रा गार होता.

“काका, इथे काय घासलंय?”

काका शेडच्या दाराकडे बघत उभे होते. “गाडी तेज होती,” ते म्हणाले. “शेजारी बसणारं माणूस घाबरायचं. पाय दाबायचं.”

“पण ही तर किती वर्षं उभी आहे.”

“पुष्कळ.” त्यांनी ताडपत्री गोळा करायला घेतली. “नको असेल तर नको. काही हरकत नाही.”

गाडी विकणारा माणूस असं म्हणत नाही. तो नव्या बॅटरीचं कौतुक सांगतो, आदल्या गिऱ्हाइकाने किती गळ घातली ते सांगतो. ताईने ते मनात नोंदवलं. पण ‘नको असेल तर नको’ हे वाक्य तिने आयुष्यात इतक्या जणांकडून ऐकलं होतं की ते ऐकलं की तिची मान आपोआप ताठ व्हायची.

“मिस्त्रीला घेऊन येते,” ती म्हणाली.

३

“ती गाडी नाहीये, ताई. भंगार आहे,” भाऊ म्हणाला.

“बघितलीस का?”

“बघायला कशाला हवी? उंदीर राहतात तिच्यात, असं तूच सांगतेयस. आपल्याला शिकवणीची दुसरी गाडी घ्यायची आहे. ठरलंय आपलं.”

“तुझं ठरलंय.”

भावाने कपाळाला हात लावला. तो स्वभावाने वाईट नव्हता. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, आणि त्याला शाळेत सोडण्यापासून त्याच्या मिशा फुटेपर्यंत सगळं ताईनेच केलं होतं. त्यामुळे तिच्याशी भांडताना त्याचा सूर मुळातच रडवेला लागे. “अगं, तुझ्या वयाचे लोक गुडघ्याला पट्टा घेतात.”

“घेऊ देत. मला ही घ्यायची आहे.”

“पण कशासाठी? कुठे जायचंय तुला?”

“कुठेच नाही. चालवायची आहे.”

“चालवतेस की रोज!”

“मी रोज शेजारी बसते,” ताई म्हणाली.

त्याने चहाचा कप उगाच दोनदा बशीवर फिरवला. “मिस्त्री काय म्हणतो ते ऐकशील?”

“ऐकेन. करेन मला वाटेल तेच.”

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी यायच्या आधी ताई शिकवणीच्या गाडीत शेजारी बसली आणि जादा ब्रेकखालची मॅट तिने वर उचलून पाहिली. वीस वर्षं तिची टाच तिथे टेकत होती. मॅटची नक्षी गुळगुळीत झाली होती, एवढंच. भोक नव्हतं. खालचा पत्रा रंगासकट जसाच्या तसा होता. वीस वर्षांत एवढंच झिजतं. आणि तिच्या इथे दाबायला निदान ब्रेक तरी होता.

४

मिस्त्री ओळखीचा होता. गाडीकडे बघून आधी तो हसला, मग त्याने शर्ट काढून खिळ्याला अडकवला. नवी बॅटरी, नवे टायर, टाकी धुणं, नळ्या बदलणं, ब्रेक उघडून नवे पॅड. सगळं तिथेच शेडमध्ये चाललं होतं. काका लांब खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. त्यांचं पान उलटल्याचा आवाज क्वचितच यायचा.

इंजिन सुरू झालं त्या दुपारी भाऊही आला होता. पहिल्या झटक्याला गाडी खोकली, दुसऱ्याला काळा धूर सोडला, आणि तिसऱ्याला असा आवाज निघाला की शेडचे पत्रे थरथरले. ताई स्टिअरिंगवर होती. तिला हसू आवरेना. भावालाही आवरेना, आणि त्याचा त्याला रागही आला.

“ताई, ब्रेकवरचा पाय काढा आता,” मागून मिस्त्री ओरडला.

“माझा पाय ब्रेकवर नाही.”

“मागे दिवा लागलाय.”

ताईने आरशात पाहिलं. गाडीमागची भिंत लाल झाली होती. मग विझली. मग परत लाल. विझली, लाल. कुणीतरी ब्रेक दाबत होतं आणि सोडत होतं, आणि ते नियमित नव्हतं. एकदा लांब, मग घाईघाईने तीन-चारदा, मग परत लांब. तिने आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय मागे घेतलेले होते.

“स्विच चिकटलाय,” मिस्त्री म्हणाला. “जुन्या गाड्यांची खोड असते ही.” तो डॅशबोर्डखाली शिरला, स्विच काढला, नवा बसवला. भिंत काळी झाली ती काळीच राहिली. भाऊ “झालं ना?” म्हणाला. मिस्त्री “झालं” म्हणाला. काकांनी वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं.

ताईने गाडी बंद करण्याआधी ब्रेकवर पाय नुसता टेकवला, दाबला नाही. तिच्या तळव्याखाली तो ब्रेक सावकाश बोटभर खाली गेला, थोडा थांबला आणि वर आला.

मिस्त्रीला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, नळीत हवा राहिलीय. तिने विचारलं नाही. तो तसंच म्हणेल याची तिला खात्री वाटेना.

५

चालवून पाहायची ठरली ती एका लख्ख सकाळी. रस्ता ओळखीचाच, कारखान्यापासून पुढे गोदामांच्या रांगेतून थेट रेल्वेच्या पुलापर्यंत. भाऊ शिकवणीची गाडी घेऊन मागून येणार होता.

“मीही येतो,” काका म्हणाले.

ताईने वाकून शेजारचं दार उघडून दिलं. काकांनी सीट पुढे दुमडली आणि मागे शिरले. दोन दारांची गाडी, मागची सीट म्हणजे नावापुरती फळी. एवढा थोराड माणूस, गुडघे हनुवटीला टेकवून, मान वाकडी करून तिथे बसला.

“काका, पुढे बसा की. सगळी सीट रिकामी आहे.”

“मी बरा आहे इथे. चला तुम्ही.”

ताई निघाली. पहिल्या गिअरलाच तिला कळलं की आपण आजवर जी चालवत होतो त्यांना गाड्या म्हणत असले तरी त्या डबे होते. दुसरा, तिसरा. गोदामांची दारं एकात एक मिसळली. आवाज कानातून न येता पाठीच्या कण्यातून येत होता. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं आणि ती खरंच ओरडली, एकच, नुसता “हा!”

गाडी किंचित दबली.

अगदी किंचित. नाक खाली गेलं आणि वर आलं. ताईने गिअर बघितला, काटे बघितले. वेग कमी झाला होता. तिने ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने वेग घेतला आणि परत तेच, या वेळी जरा जोराने. बिघडलेला ब्रेक कसा धरतो ते ताईला माहीत होतं. तो एकदा धरला की धरतो, एका बाजूला ओढतो, जळका वास येतो. हे तसं नव्हतं. हे दाबणं हळूच सुरू होत होतं आणि धक्का बसायच्या आत सुटत होतं. असं माणसाचा पाय करतो. असं ती स्वतः दिवसातून शंभर वेळा करायची.

तिने शेजारी पाहिलं नाही. का नाही ते तिला सांगता आलं नसतं. तिने पाय आणखी खाली नेला.

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

टायर किंचाळले, पट्ट्याने ताईची छाती आवळली. मागून भावाच्या गाडीचा हॉर्न कोकलत जवळ आला आणि बाजूने निघून गेला. समोर रस्ता मोकळा होता. कुत्रंसुद्धा नव्हतं. इंजिन चालूच होतं, ताईचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला होता, गाडीचं मागचं अंग त्या ताणाने थरथरत होतं आणि पुढे एक इंच सरकत नव्हतं.

तेव्हा मागून काका बोलले. घरात, दार लोटून घेतल्यावर बोलतात तशा आवाजात.

“अगं, चांगली चालवते ती. जाऊ दे तिला.”

ताईला वाटलं, आपल्याशीच बोलतायत. पण त्यांचं तोंड शेजारच्या सीटच्या पाठीकडे होतं.

ब्रेक सुटला.

६

भाऊ पुलाखाली गाडी लावून उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. “तुला काय वेड लागलंय का? मधेच असा ब्रेक मारतात? आणि सबंध रस्ताभर ब्रेक दाबून का चालवत होतीस? मागचा दिवा एकदाही विझला नाही.”

“मी दाबला नाही.”

“मग कुणी दाबला?”

काका मोठ्या कष्टाने मागच्या सीटवरून बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काका, शेजारी कोण असतं?”

“मी गाडी चालवायचो,” काका म्हणाले. “रस्त्याकडे बघायचो. शेजारी बसलेल्या बायकोला काय वाटतंय, हे मी कधी विचारलं नाही.” त्यांनी पायातली एक स्लिपर काढून तिच्यातला खडा झटकला. “ती गेल्यावर पुढे पुढे गाडी फाटकाबाहेर जाईनाशी झाली. मग झाकून ठेवली.”

“आणि मला काही न सांगता विकत होतात.”

“नको असेल तर नको, म्हटलं होतं मी.”

“ताई, चल,” भाऊ म्हणाला. त्याने तिचा दंड धरला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा घट्ट. “काय असेल ते असो. मला समजून घ्यायचंही नाही. चल इथून.”

ताईने गाडीकडे पाहिलं. पुलाच्या सावलीत ती हिरवी दिसत होती. इंजिन निवताना आतून टकटक आवाज येत होता. शेजारच्या बाजूची काच बंद होती आणि तिच्यावर आभाळाचा तुकडा होता, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. तिला भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते तिच्या चांगलं ओळखीचं होतं. सासरचा उंबरा ओलांडून बाहेर पडली त्या दिवशीही ते होतं. शाळा काढते म्हटल्यावर सगळे हसले तेव्हाही. ‘जमायचं नाही तुला’ असं कुणी म्हटलं की ते उठून उभं राहायचं. आज ते कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं, नुसता एक पाय खाली दाबून म्हटलं होतं.

“वीस वर्षं दुसऱ्यांची गाडी थांबवत आलेय मी,” ती म्हणाली. “माझी कुणी थांबवायची नाही.”

“ताई!”

“तू घरी हो पुढे. चहा टाक.” मग ती काकांकडे वळली. “व्यवहार पुरा करू. आजच्या आज.”

कारखान्यात परत येऊन सह्या झाल्या. ताई फाटकातून गाडी बाहेर काढते न काढते तोच मागे फाटक लागल्याचा आवाज आला, आणि मग साखळीचा. तिने आरशात पाहिलं. काका फाटकाला पाठ लावून उभे होते, लहान मुलं दार अडवून धरतात तसे.

घरापर्यंतच्या रस्त्यात ब्रेक कितीदा लागला त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी ताई ॲक्सिलरेटर दाबून धरायची आणि समोर बघत म्हणायची, “बघू या. कुणाचा पाय आधी दुखतोय ते.”

७

त्यानंतर काही आठवडे असेच गेले. भाऊ गाडीची चौकशी रोज करायचा आणि तिच्यापासून रोज हातभर लांबून जायचा. मिस्त्री पॅड बदलून बदलून कंटाळला. “ताई, तुम्हीच शिकवणाऱ्या आणि तुमचेच पॅड असे कसे झिजतात?” ताई म्हणायची, “टाक नवे.” रविवारची सकाळ झाली की ती केस विंचरायची, तिचे केस मानेपर्यंतच होते, विंचरायला असं काही फार नव्हतं, आणि किल्ली घेऊन खाली उतरायची. शेजारच्या सीटवर ती कधी पिशवीसुद्धा ठेवत नसे. आणि तिकडे बघतही नसे. तेवढं एक तिने सांभाळलं होतं.

हळूहळू ब्रेक लागणं कमी झालं. आधी वळणांवर, मग उतारावर, मग चढावर. ताईच्या मनाने घेतलं की आपण जिंकलो.

गावाबाहेर नवा रस्ता तयार होऊन पडला होता, अजून वाहतूक सुरू व्हायची होती. त्या रविवारी ती तिथे गेली. ऊन नुकतं वर आलं होतं. दोन्ही बाजूंना माळ आणि मधून काळाभोर सरळ पट्टा. ताईने गाडी सोडली. तिसरा, चौथा. कुठे ब्रेक नाही, अडथळा नाही. काटा तिने याआधी कधी पाहिला नव्हता अशा जागी गेला. इतकी मोकळी ती उभ्या जन्मात कधी झाली नव्हती.

मग शेजारून वारा आला.

तिने समोर बघत राहण्याचा निश्चय केला होता, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं तेवढं दिसलंच. शेजारच्या दाराचं काच खाली करायचं हँडल फिरत होतं. सावकाश, एकेक वेढा. काच खाली गेली. वारा आत घुसला आणि ताईच्या ओठांवर एक केस येऊन चिकटला. लांब. दुसरा गालावरून गळ्यापर्यंत आला.

“अजून,” शेजारून कुणीतरी म्हणालं.

आवाज म्हातारा नव्हता, तरुणही नव्हता. पुष्कळ दिवस न वापरलेला होता. त्यात भीतीचा लवलेश नव्हता. वीस वर्षांत ताईने घाबरलेली माणसं ऐकली होती, आणि तिला त्या क्षणी लख्ख कळलं की हा पाय कधी घाबरून दाबला जातच नव्हता.

“अजून.”

ताईने पाय उचलला. सावकाश, गिअर उतरवत, शिकवते तशी, तिने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. माळावर एकदम शांत झालं.

शेजारचं दार उघडलं. सीटच्या कातड्यावरचा खळगा वर आला, कुणी उठल्यावर येतो तसा. नंतर गाडीपुढच्या बारीक खडीवर पावलं वाजली. बॉनेट एका जागी जरासं दबलं, वळसा घालताना माणूस हात टेकतो तेवढंच, आणि तिथली धूळ पाच बोटांनी पुसली गेली. पावलं ताईच्या बाजूला आली. थांबली.

बाहेरून दाराची कडी वर झाली.

ताई तो हात ओळखत होती. शिकवणीच्या पहिल्या दिवशी हा हात प्रत्येकाचा असतो. धीटपणे येतो, आणि कडीवर पोचला की क्षणभर लाजतो. त्या हाताला तिने आजवर एकदाही नाही म्हटलं नव्हतं. सगळ्यांना तिने आपली जागा दिली होती आणि स्वतः शेजारी जाऊन बसली होती. तिला त्या हाताची कीव आली, आणि भीतीही इतकी वाटली की दात वाजू लागले.

तिने दाराचं बटण खाली दाबलं.

“नाही,” ती म्हणाली. आवाज फुटला नाही म्हणून तिने खाकरून परत म्हटलं. “ही जागा माझी आहे.”

कडी पुन्हा वर झाली. मग पुन्हा. घाई नव्हती त्यात. काचेच्या पलीकडे माळ दिसत होता, ऊन दिसत होतं. काचेवर मात्र बाहेरून एक वाफेचा ठिपका उमटला, अगदी ताईच्या तोंडासमोर, विरला आणि परत उमटला. कुणीतरी वाकून आत बघत होतं.

ताई या वेळी वळली. मान पूर्ण वळवून, त्या ठिपक्याच्या थोडं वर, जिथे डोळे असतील तिथे तिने पाहिलं. तिला काय दिसलं ते तिने भावालाही कधी सांगितलं नाही. एवढंच की तिने नजर काढली नाही.

“मी उतरणार नाही,” ती म्हणाली. “जन्मभर इथे उभं राहिलात तरी उतरणार नाही. यायचं असेल तर या, शेजारी बसा. काच उघडी ठेवा हवी तर. ब्रेक मारायचा नाही, आणि अजून किती ते मी ठरवेन.”

ठिपका उमटत होता, विरत होता. ताईने किल्ली फिरवली. इंजिनाने घसा खाकरला आणि सूर धरला. तिने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि वाट पाहिली, शिकणाऱ्याची पाहते तशी, न रागावता.

पलीकडचं दार आतून ओढून घेतलं गेलं.